बिनमध्यंतराची जबानी

मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करीत ज्याने उमेदीची वर्षे लोकांचे जबाब लिहून घेण्यात घालविली, त्या माझ्यासारख्या पेन्शनराने आणखी एक जबानी ऐकण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे, आणि तीही पदरचे, म्हणजे मुलीच्या पदरचे, पौंड मोजून ऐकावी, असा योग माझ्या कुंडलीत असल्याचे कोणत्याही ज्योतिष्याने सांगितले नव्हते. तथापि २०१९ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता लंडनला मुलीकडे मुक्कामी असताना तो आला. फीबी वॉलर-ब्रिज या बाईंनी स्वतः लिहिलेला आणि एकटीने करावयाचा ‘फ्लीबॅग’ हा प्रयोग २०१३ साली एडिंबरोच्या नाट्योत्सवात गाजला होता. पुढे त्याची दूरचित्रवाणी मालिका होऊन बाई जगद्विख्यात झाल्या, आणि आता विंडहॅम्स नाट्यगृहात त्याचे मोजकेच प्रयोग व्हावयाचे होते.

“बाबा, जरा धीट आहे हं,” मुलीने आगाऊ बजावले.

मी तिकडे दुर्लक्ष केले. एकपात्री म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एकट्या अंगावर बावन्न पात्रे वागविणारे लक्ष्मण देशपांडे उभे राहतात, आणि ज्याने त्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिले आहे, त्याला धीटपणाची भीती ती काय? फरक एवढाच, की या खेपेस वऱ्हाड खरोखरच लंडनला पोहोचले होते आणि त्यात आम्ही दोघेच होतो.

नाट्यगृह १८९९ सालचे, फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या काळातील थाटाने नटविलेले. परंतु आमची तिकिटे अगदी वरच्या सज्जाची असल्यामुळे, त्या राजवैभवाचे दर्शन होण्यापूर्वी इतके जिने चढावे लागले, की आमच्या कुटुंबाने अर्ध्या वाटेवर कठड्याला टेकून गडावरच्या देवीला घालावी तशी हाक आपल्या गुडघ्यांना घातली. जागेवर बसल्यावर दुसरा आघात झाला. प्रयोग जेमतेम पासष्ट मिनिटांचा, सबब मध्यंतर नाही! नाटक बरे की वाईट याचा निकाल मध्यंतरीच्या बटाटेवड्याशी लागतो, अशी ज्यांची दृढ श्रद्धा, त्यांना हे फर्मान म्हणजे अपिलाचा हक्क नसलेला दावा वाटले तर नवल नाही. रंगमंचावर पाहावे, तर एक खुर्ची. मागे पडदा नाही, पुढे मेज नाही, तिसरी घंटाही नाही. माझ्या कचेरीतसुद्धा साक्षीदारासाठी याहून अधिक सरंजाम होता.

त्या खुर्चीवर बसून बाईंनी नोकरीच्या मुलाखतीपासून प्रारंभ केला. समोर मुलाखत घेणाऱ्याचा केवळ ध्वनिमुद्रित आवाज. त्या आवाजाच्या कचेरीत स्त्रियांच्या छळाचे एक प्रकरण नुकतेच उघडकीस आलेले. आणि अशा नाजूक समयी उकडते म्हणून या नायिकेने, आत काही घातलेले आहे अशा प्रामाणिक समजुतीने, स्वेटर वर ओढलेला! सभागृह कोसळले. माझ्या उजव्या हाताला कुटुंब, डाव्या हाताला मुलगी, आणि समोर इंग्रजी भाषेतील जे शब्द मी निवृत्तीपर्यंत कोणत्याही शासकीय कागदावर पाहिले नव्हते त्यांची सरबत्ती. तेव्हा हसावे तर वडीलपणाला बाध, न हसावे तर इंग्रजी समजत नसल्याचा आरोप. मी खोकण्याचा मध्यम मार्ग स्वीकारला. आमच्या कुटुंबास मात्र असला कोणताही धर्मसंकटाचा प्रसंग पडला नव्हता. भुयारी गाडीत भेटलेल्या एका घुशीसारख्या तोंडाच्या गृहस्थाची नक्कल बाईंनी केवळ ओठ आणि दात यांच्या बळावर केली, तेव्हा पदर तोंडात कोंबूनही त्यांचे हसू आवरेना.

पुढे कथेतील दोघी बहिणी एका स्त्रीवादी व्याख्यानास जातात. व्याख्याती विचारते, आदर्श बांध्याच्या बदल्यात आयुष्याची पाच वर्षे कोण देईल? त्या एवढ्या समुदायात हात वर होतात ते या दोघींचेच. येथे सत्यासाठी नमूद करणे भाग आहे, की त्या सज्जात तिसराही एक हात वर झाला होता, आणि त्यात हिरवा चुडा होता.

परंतु या बाईंची खरी लबाडी निराळीच. नायिकेला नाव नाही. तिची जिवलग मैत्रीण बू वारलेली आहे, दोघींनी काढलेला कॅफे बुडू घातला आहे, आणि तेथे हिलरी नावाचे एक गिनीपिग आहे, ज्याची पुढची हकीकत मी येथे सांगू इच्छीत नाही. बूच्या मरणाचीही हकीकत प्रथम हसवीतच सांगितली जाते: प्रियकराने दगा दिला म्हणून थोडीशी इजा करून घ्यावी या बेताने ती रस्त्यात उतरली आणि बेत हाताबाहेर गेला. आम्ही हसलो, मीही, खोकणे सोडून. प्रियकराचा दगा ज्या परस्त्रीशी झाला ती कोण, हे फार उशिरा आणि फार हळू आवाजात कळते, आणि मग ध्यानात येते, की इतका वेळ विनोद म्हणून जे ऐकले तो कबुलीजबाब होता, आम्ही प्रेक्षक नसून पंच होतो, आणि प्रत्येक हशागणिक त्या पंचनाम्यावर, मजकूर लिहिला जाण्यापूर्वीच, आम्ही सह्या ठोकीत आलो होतो. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे मी सारी हयात गावोगावच्या पाटलांना बजावीत आलो आहे.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मला उठण्यास किंचित विलंब लागला.

जिने उतरताना मुलीने भीतभीत विचारले, “बाबा, कसं वाटलं?”

“वाचून दाखविले, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे,” जबाबाच्या शेवटी लिहावयाचे वाक्य माझ्या तोंडून आपसूक गेले. ती बिचारी काहीच समजली नाही. मग मी विषय पालटावा म्हणून कुटुंबाकडे वळून म्हणालो, “या वयात पाच वर्षं देऊन बांधा घ्यायला निघालात की काय?”

“बांधा कोणाला हवाय मेला,” कठड्याला धरून एकेक पायरी उतरीत त्या म्हणाल्या, “मी गुडघ्यांसाठी हात वर केला होता. आणि अहो, वर्षं तुमची देणार होते.”