चोर सोडून डिस्कला फाशी

वरूडात संत्रा गळाला की दोष हवामानाला आणि कॉम्प्युटर बिघडला की व्हायरसला. दोघेही उलटून भांडायला येत नाहीत, म्हणून दोन्ही निदानं सर्वमान्य आहेत.

आमचे काकाजी आंबिया बहाराचे बगीचे घेतात. कोणाला किती इसार दिला, कोणाचे किती क्रेट उचलले, सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर. यंदा ऐन हंगामात त्या फायली बिनसल्या. काही उघडेचनात. एकीत शेंदुरजनाघाटच्या शेतकऱ्याच्या नावाच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि एक बदामाची खूण. नातवाच्या बारशाचा फोटो नाकापर्यंत झकास, त्याखाली नुसता करडा पट्टा.

"बापू, मले तं वाटते वायरस घुसला," काकाजी म्हणाले. "पोट्टे मोबाईल लावतेत ना त्याले."

दुकानदाराचं निदान आणखी सोपं होतं: डिस्क गेली. त्याने नवी बसवली, जुनी ठेवून घेतली. थोड्याच दिवसांत नवीही तेच रंग दाखवू लागली. "हे बी गेली," म्हणत तो तिसरीचा खोका शोधू लागला. एकाच घरात लागोपाठ दोन सुना वाईट निघाल्या, तर शहाणा माणूस सासूकडे बघतो. मी कॅबिनेट उघडलं.

डिस्क खरंच मरायला टेकली की गाजावाजा करते. टकटक वाजते, फाईल द्यायला ताटकळवते, शेवटी वाचता येत नाही म्हणून सरळ हात वर करते. प्रत्येक सेक्टरसोबत चूक पकडणारा कोड लिहिलेला असतो, त्यामुळे गुपचूप भलतंच वाचून दाखवणं तिच्या हातून सहसा होत नाही. शिवाय ती स्वतःची कुंडलीही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. त्यात ५ नंबरला बाद करून बदललेले सेक्टर, १९७ ला संशयित सेक्टर आणि १९९ ला केबलवरून येता-जाता झालेल्या चुका. काकाजींच्या डिस्कचे ५ आणि १९७ कोरे, १९९ मात्र फुगलेला. साटा केबल पंख्यामागे मुडपून कोंबली होती, तिची क्लिपही तुटलेली. केबलवरची चूक पकडली जाते, माल पुन्हा मागवला जातो. पण हे सारखंच व्हायला लागलं तर डिस्क मधेच गायब होते आणि फाईल अर्धवट लिहून राहते. करड्या पट्ट्याचा संशय मी तिथेच ठेवला.

केबल बदलली, आकडा थांबला. बदामाची खूण काही थांबेना.

विजेवरही माझा डोळा होता. थ्री फेज आली की आजूबाजूच्या बगीच्यांतले पंप ऑटोवर एकदम सुरू होतात, दिवे पिवळे पडतात, आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा स्वस्तातला एसएमपीएस त्या झटक्यात डिस्कला उपाशी ठेवू शकतो. काकाजींचा आवाजही यादीत होता. ते परतवाड्याच्या व्यापाऱ्याशी बोलतात तेव्हा फोनची तशी गरज नसते. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कांच्या रॅकवर ओरडून दाखवलं होतं. कंपनांनी डिस्का खरोखर अडखळल्या. पण अडखळलेली डिस्क उशीर करते, बदाम काढत बसत नाही. काकाजी सुटले.

मग एका मोठ्या फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुराचा आकड्यांतला ठसा, काढला. पुन्हा काढला. फाईल तीच, उत्तर वेगळं. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला, तर सकाळी स्क्रीनवर लाल ओळींचा पोळा.

"येवढं लाल कायचं हाय?"

"रॅमची एक पट्टी खराब आहे, काकाजी. लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये येतो. तिथेच बिघडला की डिस्क तो इमानेइतबारे तसाच लिहिते."

"म्हणजे जुनी डिस्क चांगली होती?"

"बहुतेक."

"मंग त्यानं ठेवून काहून घेतली?"

याला मेमटेस्टमध्ये उत्तर नाही. पट्टी बदलली, नवे हिशेब नीट राहू लागले. बिघडून लिहिलेले मात्र तसेच राहिले. ते वहीवरून पुन्हा भरावे लागले.

तुमच्याकडे कोणी डिस्क गेली म्हणालं, तर पैसे काढण्याआधी स्मार्ट बघायला सांगा आणि रात्रभर रॅम तपासा. आणि १९९ चा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, आहे तिथेच राहतो. त्याला घाबरू नका. महिन्याभराने वाढलाय का, तेवढं बघा.