पाहुणे आले की कारंजं

बंगल्याचं कर्ज फिटलं आणि मुलं आपापल्या मार्गाला लागली, की पुण्यातल्या काही गृहस्थांना अंगणाचा ईशान्य कोपरा एकाएकी रिकामा दिसू लागतो. इतकी वर्षं तिथं स्कूटर उभी होती आणि वास्तुपुरुषाची काही तक्रार नव्हती. पण आता तिथं पाणी हवं, तेही वाहतं. अशा गृहस्थांना आम्ही कारंजेकाका म्हणतो. प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. दोन असले तर त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं.

कारंजं निवडायला काका सोलापूर रस्त्यावरच्या सगळ्या नर्सऱ्या पालथ्या घालतात. शर्टाच्या खिशात मोजपट्टी, हातात वही. निवड करायची म्हणजे एकेक नाकारत जायचं, ही त्यांची पद्धत. एका मडक्यातून दुसऱ्यात पाणी ओतणारी फायबरची उतरंड त्यांना दाखवतात. ‘हे आमच्याकडे रोज सकाळी चालतं, नळ गेल्यावर.’ हवेत तरंगणारा नळ दाखवतात. ‘गळका नळ बंद करायला जन्मभर प्लंबरच्या विनवण्या केल्या, आता पैसे मोजून गळका आणू?’ बुद्धमूर्ती मात्र ते हात जोडून परत ठेवायला सांगतात; ध्यानाला बसलेल्यावर पाणी सोडणं त्यांना पटत नाही. शेवटी सोंडेतून पाणी उडवणारा काळा हत्ती घरी येतो. तो काकूंनी पहिल्याच दुकानात पसंत केला होता, पण तेव्हा वहीत टिपणं व्हायची होती.

मग इतिहास निघतो. कारंजेकाका आणि शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं यांची गाठ पडल्याशिवाय राहत नाही. सोळा पाकळ्यांचं ते कमळ पाहून ते घरी येतात आणि शेजाऱ्यांना गाठतात. ‘वीज होती का पेशव्यांकडे? नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधला, तिथून जमिनीखालच्या नळातून पाणी गावात आणलं. सगळा खेळ उताराचा!’ हे खरंच आहे, आणि ऐकायला मलाही आवडतं. अडचण एवढीच, की काकांच्या मागे कात्रज नाही, गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी आहे. ती अर्ध्या तासात रिकामी झाली. मग खालचं पाणी पुन्हा वर चढवायला अर्ध्या घोड्याची मोटर लागली. बिनविजेचं कारंजं असं दर अर्ध्या तासाला विजेवर चालू लागलं, तेव्हा काकूंनी पेशवाई बुडाल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर पाण्यात बुडवायचा अठरा वॅटचा पंप येतो. त्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात : ताशी हजार लिटर आणि उंची 1.8 मीटर. काका दोन्ही एकदम मिळतील म्हणून हत्ती चौथऱ्यावर चढवतात. खरं तर 1.8 मीटरवर पाणी नुसतं पोचतं, बाहेर येत नाही. आणि हजार लिटर मिळतात ते शून्य उंचीवर. लग्नाच्या स्थळांसारखंच हे, दोन्ही गुण एकत्र नांदत नाहीत. चौथरा फुटतो, दोन विटा कमी होतात, धार लागते. ती वाऱ्यानं कुंडाबाहेर पडते, म्हणून कुंड रुंद होतं. उडणाऱ्या धारेच्या उंचीच्या निदान दुप्पट रुंद कुंड हवं, हे गवंड्याला आधीच माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बोअरचं पाणी जड. दोन महिन्यांत सोंडेवर क्षारांचे पांढरे थर चढतात आणि काळ्या हत्तीचा ऐरावत होतो. काका दर रविवारी व्हिनेगर आणि जुना टूथब्रश घेऊन त्याची सोंड घासतात. ‘माझ्या पाठीला कधी तेल लावलं नाही यांनी,’ असं काकू दारातून म्हणतात.

एवढं झाल्यावर कारंजं चालत असेल असं तुम्हाला वाटेल. छे! ते बंद असतं. पाहुणे आले की काका उठून दाराआडचं बटण दाबतात आणि काहीच न केल्यासारखे येऊन बसतात. पाण्याचा झुळझुळ आवाज सुरू होतो. साठीच्या पुढचे पाहुणे पाच मिनिटांत चुळबुळतात आणि ‘जरा आत जाऊन येतो’ म्हणतात. पाहुणे फाटकाबाहेर पडले की बटण बंद. का, तर बिल! अठरा वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी तेरा युनिटंच होतात. हा हिशेब काकांच्याच वहीत आहे, कुंड, चौथरा, हत्ती आणि गवंडी यांच्या चाळीस हजारांच्या शेजारच्या पानावर.

आणि बंद कारंजं म्हणजे साठलेलं स्वच्छ पाणी. डेंग्यूच्या डासाला नेमकं तेच आवडतं. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचा माणूस येतो, कुंडात बॅटरी मारतो, वळवळणाऱ्या अळ्या दाखवतो आणि नोटीस लिहू लागतो. काका धावत जाऊन बटण दाबतात. ‘वाहतं पाणी आहे हो!’ तो हत्तीकडे बघतो, काकांकडे बघतो आणि नोटीस पुरी करतो. मग गप्पी मासे येतात. ते अळ्या खातात आणि भराभर वाढतात. त्यांच्या मागोमाग पहाटे एक ढोकरी येऊन हत्तीच्या पाठीवर बसते. तिच्यासाठी मात्र काका पंप लावत नाहीत.

त्यांच्याकडे जायचं झालंच तर आधी फोन करून जा. अचानक गेलात आणि कारंजं बंद दिसलं, तर ते का बंद आहे हे ऐकण्यात तास जाईल आणि चहाही उशिरा मिळेल.