बॉयलरची भूक

शेतातल्या कचऱ्यापासून वीज म्हटले की माना डोलतात. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. दिवे आपल्याकडे लागतात आणि कोळशाचा धूर छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या लोकांच्या छातीत जातो. पर्याय हवाच. पण पेडणे-डिचोलीत हा कचरा पडलाय कुठे, ते आधी दाखवा.

भाताचे गवत गुरे खातात. झावळ्या, सोडणे, करवंट्या न्हाणीच्या चुलीत जातात. कुळागरातला पाला तिथेच कुजून पुढच्या वर्षीचे खत होतो. यातले काय उचलणार?

जाळून वीज करायची तर एका मेगावॅटला वर्षाकाठी साधारण 8 ते 10 हजार टन सुका माल लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस. भिजलेला पाला धड जळत नाही, नुसता धुमसतो. बॉयलर मात्र भुकेलाच. मग लाकूड येणार, म्हणजे झाडे तुटणार, आणि विमानतळासाठी मोपाच्या सड्यावर हजारो झाडे पडलेली पेडणेकरांनी पाहिली आहेत. शिवाय माल वाहणार ट्रक. खनिजाच्या ट्रकांची धूळ डिचोलीने वर्षानुवर्षे गिळली. हरित विजेच्या नावाखाली तिच्या दारात पुन्हा त्याच रांगा लावू नका.

काजूचे टरफल जाळावे म्हटले तर त्यात तेल असते, बी फोडताना हात भाजते तेच. तेलासकट टरफल जाळले की झोंबरा धूर आसपासच्या घरांत शिरतो. तेलाला रंग-रोगणवाल्यांकडे मागणी आहे. आधी ते काढा, मग उरलेले जाळा, तेही धुराड्याला गाळणी बसवून.

खरा कचरा म्हणजे हुराक-फेणीसाठी बोंडांचा रस काढल्यावर उरणारा चोथा. ढिगात सडला की त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. ओला चोथा जाळण्यात अर्थ नाही. तो बायोगॅसच्या टाकीत जायला हवा, आणि आंबट असल्यामुळे भरपूर शेण मिसळूनच. तंत्र आपल्याला परके नाही, साळगावचा प्रकल्प 2016 पासून ओल्या कचऱ्यातून वायू आणि वीज काढतो आहे. टाकी गळकी निघाली तर मात्र तोच मिथेन हवेत जाईल, म्हणून तपासणी दर हंगामात व्हावी.

टाक्या फेणीच्या भट्ट्यांच्या गावातच बांधा. आणि अनुदान देताना मेगावॅट विचारू नका. किती चोथा ओढ्यात जायचा थांबला आणि टाकीतून निघालेली किती स्लरी खत म्हणून काजूच्या मुळाशी परत गेली, ते विचारा.