पेचकसाची धार

बाबांचं एचएमटी जनता घड्याळ तारनाक्याच्या आमच्या घरात कपाटातल्या डब्यात पडून होतं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी उघडून बसावंसं वाटतं. मी ते उघडलं. पहिल्याच स्क्रूवर पेचकस सटकला आणि आतल्या चकचकीत पाटीवर लांबलचक ओरखडा उठला. (मराठीत स्क्रू ड्रायव्हर म्हणतात, ठाऊक आहे, पण हैदराबादेत इतकी वर्षं काढल्यावर तोंडात पेचकसच येतो.)

दोष अर्थातच हत्याराचा. मग नऊ पेचकसांचा संच आणला. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं कडं, डोक्यावर गरगर फिरणारी टोपी. टोपीवर तर्जनी टेकवायची आणि अंगठा-मधल्या बोटानं दांडी फिरवायची. सगळ्यात बारीक पातं अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही अरुंद. नवी पाती मला बोथट वाटली, म्हणून दाढीच्या वस्तऱ्यासाठी बाबा वापरत तो निसणा काढला, दोन थेंब तेल सोडलं आणि नऊच्या नऊ चांगली परजली. त्यानंतर ती आणखीच सटकू लागली.

शेवटी घड्याळ आणि संच घेऊन सिकंदराबादेत एका म्हाताऱ्या घडीसाजाकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पण घड्याळाकडे नाही, माझ्या पेचकसाकडे पाहिलं.

“ये धार किसने लगाई?”

“मैंने.”

“इससे भाजी काटते क्या?”

मग त्यांनी समजावलं. पातं सुरीसारखं निमुळतं झालं, की खाचेच्या वरच्या कडांनाच टेकतं आणि जोर दिला की वर उसळतं. टोक सपाट हवं, रुंदी स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचेएवढी, जाडी खाचेत बेतानं बसेल इतकी. रुंदी जास्त झाली तर बाजूचं सोलतं, कमी झाली तर खाच कुरतडतं. त्यांच्याकडे पेचकस होते तीन. एकाची पितळी दांडी बोटांच्या जागी इतकी झिजलेली, की माझं बोट तिथं बसेना.

घरी येऊन सगळी पाती पुन्हा घासली. दगडावर पातं एकाच कोनात धरून ओढायचं, हात जराही डुलू द्यायचा नाही, दोन्ही बाजू सारख्याच वेळा ओढायच्या, आणि शेवटी टोक उभं धरून एकदाच हलकेच टेकवायचं. एका पात्याला माझी अख्खी सकाळ जाते. शिवाय पेचकसात चुंबकत्व शिरलं, तर ते घड्याळातही उतरतं; केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. पलीकडे हबसीगुड्याला १९६१ पासून पृथ्वीचा अभ्यास करणारी एनजीआरआय आहे. पृथ्वीचं चुंबकत्व तिथले लोक बघतात, पेचकसाचं मलाच बघावं लागतं.

एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरात घड्याळाचा कारखाना काढला तोही १९६१ सालीच. २०१६ मध्ये घड्याळांचा तो धंदा बंद करायचं सरकारनं ठरवलं. सुटा भाग आता बहुधा जुन्या घड्याळाच्या पोटातूनच काढावा लागतो, तेव्हा एकही स्क्रू बिघडवून चालत नाही. या भीतीनं मी बाबांच्या घड्याळाला अजून पुन्हा हात लावलेला नाही. आधी पाती मनासारखी होऊ देत.

बायकोनं हे बरेच दिवस मुकाट्यानं पाहिलं. एक दिवस विळी समोर ठेवून म्हणाली, “दगड काढलाच आहे, तर हिलाही जरा हात लावा.” लावला. कोन सांभाळून, डोळ्याला भिंग लावून. त्या दिवशी भेंडी इतकी पातळ चिरली गेली, की तिनं ती शेजारच्या तेलुगू वहिनींना नेऊन दाखवली. दुसऱ्या दिवशी वहिनी त्यांची कत्तिपीट, म्हणजे विळीच, घेऊन हजर. मग वरच्या मजल्यावरून एक अडकित्ता आला.

गेल्या रविवारी चार विळ्या आल्या. एकीला दगडानं भागेना, कानस लागली.