साल्टकाका

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या टाकीवर नजर ठेवणारे एक गृहस्थ असतात, पार्किंगवरून भांडणारे एक असतात आणि अलीकडे एक साल्टकाकाही असतात. आमचे बँकेतून निवृत्त झालेले आहेत. बीपी आणि शुगर दोन्ही आहेत, दोन्ही काबूत आहेत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी भिंग असतं. "जरा ॲसिडिटीची गोळी घेतली" असं त्यांच्यासमोर सहज म्हणायची सोय नाही. लगेच प्रश्न येतो, "साल्ट काय?" साल्ट म्हणजे ब्रँडच्या नावामागचं मूळ औषध. मग तुमच्या हातातलं पाकीट त्यांच्या हातात जातं, उलटं होतं, भिंगाखाली येतं आणि निकाल लागतो. "पँटोप्राझोल ४०. जनऔषधीत घ्या. उगाच पैसे जाळताय."

जनऔषधी केंद्र हे काकांचं तीर्थक्षेत्र. स्वस्त जेनेरिक औषधांची ही सरकारी योजना २००८ साली सुरू झाली, पण काकांना तिचा साक्षात्कार निवृत्तीनंतर, म्हणजे मेडिकलचं बिल स्वतःच्या खिशातून जायला लागल्यावर झाला. ही औषधं ५० ते ९० टक्के स्वस्त असतात, हा सरकारी आकडा ते पाढ्यासारखा म्हणतात. तिथे एक रुपयात सॅनिटरी पॅड मिळतो, हेही त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय चालू असताना उभं राहून सांगितलं. लिफ्ट अजून बंद आहे.

त्यांची खरी जुगलबंदी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींशी. मावशी कंपनीवाल्या. परवा बाकावर दोन पाकिटं शेजारी शेजारी मांडलेली.

"हे बघा, तुमच्यात टेल्मिसार्टन ४०, माझ्यातही टेल्मिसार्टन ४०. वाचा."

"वाचलं. पण तुमची फारच स्वस्त आहे हो."

"मग?"

"मग काय मग! एवढ्या पैशात देतात म्हणजे आत काहीतरी कमीच घालत असतील. मला नाही गुण येत त्या गोळीने."

"घेतली होती कधी?"

"घ्यायला कशाला हवी? दिसतंय ना."

याच मावशी भाजीवालीकडून कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय हलत नाहीत, आणि मेडिकलमध्ये मात्र बिलाकडे न बघता पैसे मोजतात. काकांनी मग १९७०चा पेटंट कायदा काढला. "अहो, तुमचीही जेनेरिकच आहे! मूळ शोध परदेशी कंपनीचा, त्याचं पेटंट कधीच संपलं. आता आपल्याकडच्या डझनावारी कंपन्या तेच औषध करतात. प्रत्येकीने आपापलं बारसं केलंय आणि घुगऱ्यांचा खर्च तुमच्याकडून वसूल चाललाय." मावशींनी शांतपणे मोबाइल काढला. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढते, ती त्यांच्याकडे होती. काकांनी ती भिंगाखाली घेतली. त्या यादीत स्वस्तवालेही असतात आणि नावाजलेलेही. सामना बरोबरीत सुटला.

२०२३च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम काढला की डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावानेच लिहावीत. काकांनी पेढे वाटले. (स्वतः खाल्ला नाही.) त्याच महिन्यात नियमाला स्थगिती मिळाली. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी त्यांचा अबोला आहे, कारण तो हसला होता. तसा तो बिचारा कायद्याने बांधलेला आहे. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर तो आपल्या मनाने दुसरं पाकीट देऊ शकत नाही. डॉक्टरांनाच आधी विचारावं लागतं, आणि डॉक्टरांकडे आपण दुखणं सांगायला जातो, ते सोडून गोळीचा भाव विचारायला जीभ रेटत नाही. काकांची रेटते.

एकदा मात्र ते आपटले. काकूंच्या थायरॉइडच्या गोळीवर त्यांनी स्वस्ताईचे प्रयोग केले. दर महिन्याला नवी कंपनी. पुढच्या तपासणीत टीएसएच उड्या मारू लागला. डॉक्टरांनी काकूंना नाही, काकांना झापलं. थायरॉइडची, फिटची, रक्त पातळ करायची, अशा काही औषधांत थोडासा फरकही महागात पडतो. जी कंपनी लागू पडली ती धरून ठेवायची, बदलायची तर डॉक्टरांना सांगून. आता हे तत्त्व काका स्वतःच्या संशोधनासारखं सांगतात. त्याला जोडून दुसरंही सांगतात, आणि ते खरोखर कामाचं आहे. नुसतं "मेटफॉर्मिन ५००" बघून भागत नाही, पुढे एसआर लिहिलंय का ते बघा. साधी गोळी वेगळी, हळूहळू विरघळणारी वेगळी.

एवढा कडवा माणूस, पण डोकं दुखलं की त्यांना अमृतांजनच लागतं. "काका, त्याच्यात कापूर-मेंथॉलच ना? साल्ट तेच!" असं कोणीतरी म्हणालं. काकांनी डबी मुठीत घट्ट धरली. "१८९३पासूनचं आहे ते. माझ्या आईचं. त्याच्यात साल्ट नाही बघायचं." मावशी तेव्हा जिन्यातच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला ठाऊक झालं होतं.

काका कटकटे आहेत, पण बीपी-शुगरच्या हिशेबात त्यांचंच बरोबर आहे, आणि मावशींच्या सुनेने गुपचूप त्यांच्याकडून केंद्राचा पत्ता नेला आहे. तुम्हालाही हवा असेल तर आमच्या सोसायटीत या. फक्त सवड काढून या, आणि हातात औषधांची पारदर्शक पिशवी घेऊन येऊ नका.