उंदीरवाले सर

भाद्रपदात सर उंदरांची लग्नं लावत नाहीत. कारण शास्त्रातलंच आहे, पण पंचांगातलं नाही. ढोल-ताशानं गाभण मादी बिथरली, तर पुढे पिल्लांत दिसणारा बिघाड औषधाचा की विसर्जन मिरवणुकीचा, हे सांगणार कोण?

असे एखादे सर औषधशास्त्राच्या कॉलेजात भेटतातच. मादीला गर्भारपणाच्या 21-22 दिवसांत एखादं द्रव्य द्यायचं आणि मग पिल्लांची वागणूक तपासायची, हा त्यांचा उद्योग. पिल्लू धडधाकट जन्मलं की बाकीचे खूश होतात. सरांचा संशय तिथून सुरू होतो. उताणं ठेवलेलं पिल्लू किती सेकंदांत पालथं होतं? मोठेपणी गढूळ पाण्याखाली दडवलेला ओटा त्याला लक्षात राहतो का? रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये मांडलेल्या या परीक्षेसाठी सर टाकीत दुधाची पावडर कालवतात आणि घरी मात्र बिनदुधाचा चहा पितात. कुठलं पिल्लू दारू दिलेल्या आईचं, हे त्यांनी स्वतःपासूनही लपवलेलं असतं; यादी क्लार्कच्या कपाटात.

त्यांचा खरा कोप होतो तो मोजणीवरून. एका आईची 8 पिल्लं म्हणजे 8 नमुने नव्हेत, एकच. कारण द्रव्य आईला दिलेलं. 8 धरणाऱ्याचा प्रबंध तसाच परत जातो. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या, "दोन्ही मुलं नव्वदच्या वर!" सर म्हणाले, "आई एकच ना? मग नमुनाही एकच." पेढा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

भाचीच्या डोहाळजेवणात तिनं विचारलं, "मामा, मी काय टाळू?"

"मात्रा किती, कितव्या दिवशी, यावर आहे. शिवाय उंदरावरून माणसाचं थेट सांगता येत नाही. थॅलिडोमाइडनं बाळांचे हातपाय खुंटले, पण उंदरांच्या पिल्लांत तसं काही..."

ओटी भरायला आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "अरे, एका वाक्यात सांग की!" सरांची आई कडाडली.

"दारूचा थेंबही नको."

सरांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बिनशर्त विधान; आणि ते ऐकवलं कुणाला, तर खोकल्याचं औषधही वास घेऊन परत ठेवणाऱ्या भाचीला!

"एवढं सांगायला शेकड्यांनी उंदीर लागले होय रे?"

"शेकड्यांनी कुठे, आई? आया 20च होत्या."