दीड जीबीची मीमांसा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पुण्यातील उमेदवाराचा दिवस नेमका केव्हा सुरू होतो, याविषयी जाणकारांत एकमत नाही. पंचांगकर्ते सूर्योदय धरतात. खाणावळवाले दुपारी साडेबारा धरतात, कारण त्याआधी त्यांना उमेदवाराचे दर्शनच होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष अज्ञानमूलक आहेत. सदाशिव, नारायण आणि नवी या तीन पेठांत दिवस रात्री बारा वाजता उजाडतो. त्या क्षणी रोजचा दीड जीबी डेटा नव्याने जमा होतो. जिओ 5 सप्टेंबर 2016 रोजी बाजारात आले. त्याआधी एकच जीबी महिनाभर पुरवून वापरण्याची रीत होती, त्यामुळे तो काळ या शास्त्राच्या कक्षेत येत नाही.

या कालगणनेतला सर्वांत अवघड मुहूर्त रात्री अकराचा. दिवसभर नेट बंद ठेवून लक्ष्मीकांतचे राज्यघटनेवरचे पुस्तक वाचलेला सदाचारी उमेदवार झोपण्यापूर्वी सहज शिल्लक तपासतो, आणि आठशे एमबी पडून असतात. ताटात काही टाकायचे नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेला मुलगा आठशे एमबी टाकून कसा झोपेल? तो संपवायला बसतो. दुपारीच कोटा उडवून मोकळा झालेला त्याचा रूम पार्टनर मात्र साडेदहालाच घोरत असतो. यावरून संयम हा जागरणाचा हेतू आहे, असे सिद्ध होते. हा सिद्धांत कुठल्याही मार्गदर्शन शिबिरात सांगितला जात नाही.

जागरणाचे साक्षीदार गावाकडे असतात. पूर्वी पत्रात ‘अभ्यास जोरात चालू आहे’ एवढे लिहिले की घरचे निर्धास्त असत. आता लातूरकडची आई सकाळी दूध तापवता तापवता व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘लास्ट सीन’ वाचते. लगेच फोन येतो.

‘रात्री एक वाजता काय करायलीस गं ऑनलाईन?’

‘काही नाही आई, पीडीएफ डाऊनलोड करायले.’

‘कशाची?’

‘अर्थशास्त्राची.’

‘मग काकूच्या रीलला बदाम कुणी टाकला?’

या संवादातली पीडीएफ अगदीच खोटी नसते, हे मुलीच्या बाजूने नमूद केले पाहिजे. उमेदवाराच्या मोबाईलमध्ये पीडीएफ खरोखरच असतात, आणि त्यांची व्यवस्था कर्मसिद्धांताप्रमाणे लावता येते. टेलिग्रामवरून उतरवून घेतलेल्या सगळ्या पीडीएफ म्हणजे संचित. चालू बसने जाताना वरवर चाळली जाते ती क्रियमाण. जिने फळ द्यायला सुरुवात केली ती प्रारब्ध. पण या प्रकाराचा नमुना संशोधनासाठी अद्याप उपलब्ध झालेला नाही. संचिताचे कप्पेही ठरलेले असतात: ‘वाचायचे’, ‘वाचायचे नवीन’, ‘वाचायचे फायनल’, ‘फायनल 2’. मोबाईलची जागा संपली की आधी चुलतभावाच्या लग्नाचे फोटो जातात, मग शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ जातो. 2019 च्या चालू घडामोडींना मात्र कुणी हात लावत नाही. त्या पुढच्या परीक्षेला विचारणार नाहीत, हे उमेदवाराला पक्के ठाऊक असते. ठेव मोडायची नाही, एवढेच.

आता मुख्य विषय, म्हणजे मार्गदर्शन. यूट्यूबवरील मार्गदर्शनाच्या थंबनेलवर हाताची घडी घातलेले सर, त्यांच्याकडे रोखलेला लाल बाण आणि ‘या 5 चुका टाळा’ ही अक्षरे असतात. चार कधी नसतात. व्हिडिओ उघडला की ‘मित्रांनो’ या संबोधनाने मंगलाचरण होते, मग नव्या बॅचचे शुल्क आणि त्यावरची सवलत येते, आणि तेवढे झाल्यावर उपदेश सुरू होतो. उपदेशात फरक शोधणे व्यर्थ आहे: पहाटे उठा, रिव्हिजन करा, मोबाईल लांब ठेवा. हे सगळे मोबाईलवर ऐकले जाते, आणि तेही दुप्पट वेगाने. दुप्पट वेगाची सवय इतकी मुरते, की एखाद्या मोफत सेमिनारमध्ये तेच सर समोर उभे राहून बोलू लागले, की ते नुकतेच आजारातून उठले असावेत असे वाटते.

तर मग प्रश्न असा, की तोंडपाठ असलेला उपदेश उमेदवार पुन्हा का ऐकतो? प्रेरणा कमी पडते म्हणून, हे उत्तर वरवरचे आहे. मॅच पाहिली तर मन खाते. झोपले तर खाते. काही न करता छताकडे पाहत पडले तर फारच खाते. अभ्यास कसा करावा यावरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर मात्र मन गप्प राहते, कारण व्हिडिओत अभ्यासाचे नाव तरी असते. न्यायशास्त्रात हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसणारा तो हेत्वाभास. त्याच चालीवर अभ्यास आणि टंगळमंगळ यांच्यामध्ये अभ्यासाभास नावाचा तिसरा प्रदेश मानावा लागतो. शिकवणी-व्यवसायाचा बराचसा मोफत माल याच प्रदेशात खपतो. शास्त्रीय लेखनात शोभत नाही, तरी सांगून टाकतो: मला यात उमेदवारापेक्षा सरांचे कौतुक वाटते. मोबाईल ठेवा असे मोबाईलवरून सांगून लोकांना मोबाईलवर बसवून ठेवणे, ही सामान्य सिद्धी नव्हे.

टायमर लावणाऱ्या पंथाची दखल थोडक्यात घेऊ. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून 25 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. चिरिल्लो यांच्या विश्रांतीत अमृततुल्य नव्हते. पेठेतली पाच मिनिटे जिना उतरण्यात जातात. पुढे चहा, कटऑफ आणि ‘जागा वाढणार म्हणे’ ही बातमी असते.

पूर्वपक्ष म्हणतो, मोबाईल ट्रंकेत टाका आणि कुलूप लावा. उत्तरपक्ष फक्त दोन तारखा पुढे करतो. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 14 मार्च 2021 रोजी होती. ती पुढे ढकलल्याचे आयोगाने 11 मार्चला कळवले, आणि त्याच दिवशी नवी पेठेत शास्त्री रस्ता उमेदवारांनी भरून गेला. परीक्षा अखेर 21 मार्चला झाली. पुढे 25 ऑगस्ट 2024 ची पूर्वपरीक्षा बँकांच्या आयबीपीएस परीक्षेच्याच दिवशी आली. पुन्हा शास्त्री रस्त्यावर बैठक बसली, 22 ऑगस्टला परीक्षा लांबणीवर पडली आणि 1 डिसेंबरला झाली. दोन्ही वेळा हाती उरले होते तीन दिवस. ट्रंकनिष्ठ उमेदवार हॉल तिकीट आणि काळे बॉलपेन घेऊन पहाटे केंद्रावर पोचला असता, तर तिथे वॉचमन आणि तो, एवढेच भेटले असते. आयोग मोबाईलवर बोलतो. मोबाईल ठेवून आयोगाचे ऐकायचे कसे, हे सर सांगत नाहीत.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. आयोगाच्या संकेतस्थळाला तळ असतो. तिथे नवीन काही नसले की बाहेर पडावे लागते. बाहेर पडले की शेजारीच इन्स्टाग्राम. तळ नसलेले स्क्रोल 2006 मध्ये एझा रास्किन यांनी रचले आणि नंतर त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. त्या खेदाचा व्हिडिओसुद्धा रील म्हणून खाली सरकत येतो.

शेवटी हॉटस्पॉटचा व्यवहार. अभ्यासिकेचे वायफाय सगळ्यांचे असल्यामुळे कुणाच्याच उपयोगाचे नसते, आणि कोटा संपलेल्याला शेजाऱ्याच्या दारी जावे लागते. यादीत नावे झळकतात: ‘फौजदार होणारच’, ‘कलेक्टर कचेरी’, ‘आधी चहा पाज’. शेवटच्या नावात करार उघडच मांडलेला आहे. रिवाजाप्रमाणे निकालाच्या दिवशी दिलेला हॉटस्पॉट धर्मखाती जातो. आन्सर कीसाठी दिलेल्याची परतफेड कटिंगने होते, आणि मॅचसाठी घेतलेल्याला फुल चहा लागतो. मात्र जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवल्यापासून हे कोष्टक कालबाह्य झाले आहे, असे हॉटस्पॉट देणाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांना आता फुल चहाबरोबर क्रीमरोल हवा आहे. घेणारे म्हणतात, रिचार्ज महागले तसा चहाही महागला, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला. हा वाद आजही टपरीवर चालू आहे, आणि त्याला रोज पाच मिनिटांची विश्रांती दिली जाते.